पेनकिलर घेताय? मग जवस, मेथी, धने पोटासाठी कसे वापरायचे (आणि त्यांच्यावर किती विसंबायचं)

आमच्या आईचे गुडघे गेली सात-आठ वर्षं दुखतात. वय 67, सगळा जन्म शेतात आणि चुलीपुढे उकिडवं बसून गेलेला, त्यामुळे दुखणार हे धरूनच चाललेलो. गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी यायची, आधी कधीतरी एक, मग रोज एक, मग पावसाळ्यात दोन. आणि पोटात जळजळ नको म्हणून सकाळी मेथीचं पाणी, दुपारी जवसाचं पाणी, हे तिने अगदी नेमाने केलं. जळजळ खरंच कमी झाली, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. मग गेल्या वर्षी एक दिवस उठताना चक्कर आली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6.2. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की संडास काळी होते का. आई म्हणाली, हो, महिनाभर होतेय, मला वाटलं नाचणीमुळे असेल. एंडोस्कोपी केली तर जठरात अल्सर, हळूहळू रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

त्यानंतर मी या बियांच्या उपायांबद्दल जे मिळेल ते वाचलं, आमच्या डॉक्टरांना आणि ओळखीच्या वैद्यबाईंना विचारून विचारून डोकं खाल्लं त्यांचं. बिया वाईट नाहीत, आई आजही घेते. पण त्या कशासाठी घ्यायच्या आणि कशासाठी नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि तेच इथे लिहितेय, कृती, प्रमाण, वेळ सगळं धरून.

सगळ्यात आधी गोळीने पोटाला होतं काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. आपल्या जठरात ॲसिड असतं, तरी जठर स्वतः जळत नाही, कारण आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात ॲसिड मारणारा क्षार असतो आणि खालच्या पेशींना भरपूर रक्तपुरवठा असतो. हे सगळं चालू ठेवायचा निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं देतात. आणि दुखणं, सूज हीसुद्धा याच प्रोस्टाग्लँडिनमुळे होते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं, पुढे 1982 चं नोबेल त्यात त्यांनाही मिळालं. म्हणजे ज्या कारणाने गुडघा शांत होतो त्याच कारणाने पोटाचा थर पातळ होतो. आणि हे गोळी पोटात पडल्यावर थोडंसं होतं, पण मोठं नुकसान गोळी रक्तात गेल्यावर, रक्तातून होतं. म्हणूनच या औषधाचं इंजेक्शन घेतलं, किंवा वरून जाड कोटिंग असलेली गोळी घेतली तरी अल्सर होऊ शकतो. पुष्कळ लोकांना वाटतं इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं. तसं नाहीये.

आता बिया काय करतात? जवस, मेथी, सब्जा, इसबगोल यांना पाणी लागलं की बुळबुळीत चिकट पदार्थ सुटतो, तो पोटाच्या आतल्या भिंतीवर वरून काही वेळ पसरतो, ॲसिड टोचायचं कमी होतं, बरं वाटतं. पण नुकसान रक्तातून, आणि लेप वरून. भिंतीला आतून ओल येत असेल तर वरून चुन्याचा हात मारून काय होणार, तसंच हे. मेथीवर उंदरांवरचा एक प्रयोग 2002 साली छापून आलाय, त्यात मेथीचं पाणी आणि तिच्यातला चिकट भाग दोन्ही चांगले चालले, पण तिथे अल्सर केला होता अल्कोहोल पाजून, म्हणजे इजा वरूनच होती. पेनकिलर देऊन केलेल्या अल्सरवरही बऱ्याच बियांचे उंदरांवर प्रयोग झालेत, काहींचे निकाल चांगले आहेत, पण माणसांवरचा भक्कम पुरावा नाही की मेथीचं पाणी पिणाऱ्याला पेनकिलरचा अल्सर होत नाही. हे एकदा मनाशी पक्कं करा, मग कृतीकडे या.

आणि कृतीच्याही आधी एक काम, घरातला औषधाचा डबा उघडा आणि पट्ट्यांवरची बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, ॲस्पिरिन, यातलं काही दिसलं तर ती पोटाला त्रास देणारी गोळी. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे, मेफ्टालमध्ये मेफेनॅमिक ॲसिड, व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. क्रोसिन, डोलो यात पॅरासिटामॉल असतं, ते पोटाला बरंच सौम्य (लिव्हरसाठी मात्र प्रमाण पाळावंच लागतं). आमच्याकडे आईची डायक्लोफेनॅक चालू असतानाच डोकं दुखलं की दुसऱ्या नावाची अजून एक गोळी ती घ्यायची, दोन्ही एकाच जातीच्या, आणि आम्हाला पत्ताच नाही. दोन एकत्र घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटाचा धोका मात्र वाढतो.

आता जवसाचं पाणी. माझ्या मते पोटासाठी सगळ्यात भरवशाचं हेच, युरोपातसुद्धा पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी जवसाचा चिकट काढा पारंपरिक औषध म्हणून मान्य आहे. एक मोठा चमचा अख्खं जवस, साधारण 10 ग्रॅम. कच्चंच घ्या, चटणीसाठी भाजून ठेवलेलं नको. दळायचंही नाही, कारण चिकटपणा बीच्या सालात असतो, दळलं तर तेल सुटतं आणि पाण्याला कडवट खवट चव येते. एकदा धुऊन, एक मोठा ग्लास म्हणजे 250 मिली पाण्यात घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, मधेमधे ढवळत राहा, नाहीतर तळाला चिकटतं. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की गॅस बंद. आणि लगेच, गरम असतानाच गाळा, हे महत्त्वाचं, कारण गार झाल्यावर ते इतकं घट्ट होतं की गाळणीतून खाली उतरतच नाही, मी पहिल्यांदा अर्धा तास चमच्याने दाबत बसले होते. गॅसवर करायचं नसेल तर रात्री भिजवून सकाळी गाळा, थोडं पातळ होतं पण चालतं. कोमट झालं की सावकाश घोट घोट प्यायचं, गटकन नाही. साखर, लिंबू, मीठ काही नको. रोज ताजं करा, उरलं तर फ्रीजमध्ये एक दिवस, त्यापुढे नको. गाळून राहिलेले दाणे भाजीत किंवा थालीपिठाच्या पिठात जातात.

जवसाची चटणी खाल्ली तर चालेल का असं माझ्या मावशीने विचारलं होतं. चटणी भाकरीबरोबर उत्तम, पण त्यात लाल तिखट, लसूण, आणि कोरडी असते, पोटाला लेप वगैरे तिने होत नाही. ते जेवण आहे, उपाय नाही.

मेथी. एक छोटा चमचा दाणे, अर्धा कप पाण्यात रात्रभर. सकाळी पाणी प्यायचं आणि दाणे चावून खायचे, कारण मेथीचा डिंकासारखा भाग दाण्याच्या आत असतो, नुसत्या पाण्यात तो थोडाच उतरतो. नुसतंच गिळलं तर फायदा कमी. कडू लागतं, आई गुळाचा खडा घ्यायची. मात्र वैद्यबाईंनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती, मेथी आयुर्वेदात उष्ण धरतात, त्यामुळे ज्यांना आंबट ढेकर, छातीत आग असा पित्ताचा त्रास आहे त्यांना ती कधीकधी सोसत नाही. तीन-चार दिवस घेऊन बघा, आग वाढली तर बंद करा, हट्ट करू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मेथीने शुगर अजून खाली येऊ शकते, तेव्हा मशीनवर बघत बघत घ्या. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथी रोजची लावू नका. गरोदर बाईने भाजीत फोडणीला चार दाणे टाकले तर काही नाही, पण चमचा चमचा रोज नको. हरभरा, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी जपून, मेथी त्याच कुळातली. आणि हो, घामाला मेथीचा वास येतो, घाबरू नका.

धन्याचं पाणी मला स्वतःला सगळ्यात आवडतं. आयुर्वेदात याला धान्यक हिम म्हणतात, हिम म्हणजे न उकळता थंड पाण्यात रात्रभर भिजवून केलेलं. शास्त्रातलं प्रमाण एकाला सहा, म्हणजे एक भाग धने आणि सहा भाग पाणी. घरच्या मापात सांगायचं तर दोन छोटे चमचे धने खलबत्त्यात नुसते फुटतील इतपत ठेचायचे, पूड नाही, अर्ध्या कपाला थोडं कमी पाणी, मातीचं किंवा स्टीलचं भांडं, झाकण, रात्रभर. सकाळी हाताने कुस्करून गाळायचं, हवी तर थोडी खडीसाखर. धन्याला चिकटपणा नाही, म्हणजे याचा लेप वगैरे होत नाही, पण आग, मळमळ, तहान यात आराम पडतो, आणि मेथी ज्यांना चालत नाही त्यांना हे चालतं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच पितात.

सब्जा आणि इसबगोल थोडक्यात. सब्जा एक छोटा चमचा, ग्लासभर पाण्यात 15-20 मिनिटं, प्रत्येक बीभोवती पांढरा फुगा आला की तयार. कोरडा सब्जा तोंडात टाकून वर पाणी पिणं अजिबात करू नका, घशात फुगतो, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना धोक्याचं आहे. इसबगोलचंही तसंच, भुसा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर अजून एक ग्लास पाणी, कमी पाण्यात घेतला तर आतडं तुंबू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

जेवणानंतर बडीशेप, गॅस असेल तर जिऱ्याचं पाणी, हे ठीक, पोट हलकं वाटतं. ओवा मात्र अल्सरची शंका असताना मी देणार नाही, तिखट उष्ण, आणि आमच्याकडे पोट दुखलं की ओवा आणि काळं मीठ देण्याची पद्धत इतकी अंगवळणी पडलेली आहे की आईलाही आजारपणात शेजारच्या काकूंनी तेच आणून दिलं होतं, प्रेमानेच, पण नको होतं. कलौंजीबद्दल व्हॉट्सॲपवर बरंच फिरतं, तिच्यावर उंदरांवरचे प्रयोग आहेत हे खरं, पण त्यावरून रोज चमचाभर तेल प्यायला लागू नका.

आता वेळ, इथे बहुतेक जण चुकतात आणि आम्हीही चुकलो. चिकट पाणी जसं पोटावर पसरतं तसंच ते गोळीलाही धरून बसतं, गोळी रक्तात उतरायला उशीर होतो किंवा कमी उतरते. थायरॉइडची गोळी, शुगरची, हृदयाची, सगळ्यांना हे लागू. म्हणून नियम असा ठेवा की कुठलीही गोळी आणि जवस, मेथी, इसबगोल, सब्जा यांच्यात अंतर, गोळी बियांच्या एक तास आधी, नाहीतर दोन तास नंतर. आई आधी मेथीच्या पाण्याबरोबरच बीपीची गोळी घ्यायची, सोपं पडतं म्हणून.

आमचा आत्ताचा दिवस असा असतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी), डॉक्टरांनी लिहून दिलेलं, अर्ध्या तासाने नाश्ता, त्यानंतर बीपीची गोळी. धन्याचं पाणी 11 च्या सुमाराला. दुपारी जेवण, वेळेवर, भाकरी-वरण-भाजी, तिखट कमी. जवसाचं पाणी संध्याकाळी पाचला, तेव्हा आगेमागे कुठलीच गोळी नसते. रात्री आठच्या आत जेवण. तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील तर अंतराचा नियम धरून तुम्ही तुमचं बसवा, एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं तर घरातल्या सगळ्यांना कळतं.

पेनकिलर घ्यावीच लागली तर पोटभर खाल्ल्यावर, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेही जखम करते. जेवणाऐवजी जवसाचं पाणी पिऊन गोळी घ्यायची नाही. कमीत कमी ताकदीची, कमीत कमी दिवस. वय साठीच्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, स्टेरॉइड चालू, रक्त पातळ करायची गोळी चालू, दारू किंवा सिगरेट, यातलं काहीही असेल तर बियांवर न थांबता डॉक्टरांना सरळ विचारा की मला पोटासाठी संरक्षक गोळी लागेल का. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या ॲसिड बनणंच कमी करतात आणि पेनकिलरचा अल्सर टाळायला त्यांचा उपयोग माणसांवर सिद्ध झालेला आहे. गुलाबी पातळ अँटासिडने बरं वाटतं पण अल्सर टळत नाही. दूधही तसंच, पाच-दहा मिनिटं थंड वाटतं आणि मग ॲसिड उलट जास्त सुटतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू पोटात असेल तर पेनकिलरचा धोका अजून वाढतो, हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना 2005 चं नोबेल मिळालं, त्याची तपासणी होते आणि औषधाने तो जातो, आईचीही केली.

हृदयासाठी इकोस्प्रिन 75 (म्हणजे कमी ताकदीची ॲस्पिरिनच) चालू असेल तर मात्र हे वाचून ती बंद करू नका. ती थांबवणं न थांबवणं हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, तुम्ही फक्त त्यांना पोटाचा त्रास सांगा. आणि पावसाळ्यात ताप आला, डेंग्यूची शंका असेल, तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यातलं काहीच नाही, फक्त पॅरासिटामॉल, त्या तापात रक्तस्रावाचा धोका आधीच असतो.

अजून एक, बाजारात, जत्रेत गुडघेदुखीच्या "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून पुड्या मिळतात. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर आनंद मानू नका, शंका घ्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे गोळी सोडून झाडपाला घेतोय असं माणसाला वाटतं आणि पोटात तीच गोळी जात असते, किती ते माहीत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. जळजळ नाही म्हणजे अल्सर नाही, असं नसतं. पेनकिलरचा अल्सर विशेषतः म्हाताऱ्या माणसांत न दुखता होतो, गोळी दुखणंही मारते ना. आणि वरून आपण बियांचं पाणी देऊन उरलीसुरली जळजळही शांत करतो, मग कळणार कसं? म्हणून पेनकिलर घेणाऱ्या माणसाला रोज विचारा, लाजू नका, संडासचा रंग कसा आहे. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास येणारी असेल तर त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, आपण नाचणीवर ढकलू नये. रक्ताची उलटी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखणं, पोट लाकडासारखं कडक होणं, चक्कर, दरदरून घाम, यात घरी काहीही पाजत बसायचं नाही, ना जवस ना धने ना पाणी, रिकाम्या पोटी थेट हॉस्पिटल, कारण तिथे एंडोस्कोपी किंवा ऑपरेशन लागू शकतं. नुसता थकवा, चालताना धाप, चेहरा पांढुरका, एवढंच दिसलं तरी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि गुडघ्याचं काय केलं हेही सांगते, कारण गोळी कमी झाल्याशिवाय पोट वाचत नाही. डॉक्टरांनी गोळीऐवजी गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल दिलं, ते रक्तात गोळीच्या मानाने फारच कमी जातं. लागलंच तर पॅरासिटामॉल. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मांडीच्या स्नायूचा व्यायाम शिकवला, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली, असं दोन्ही पायांचं सकाळ-संध्याकाळ. चुलीपुढचं उकिडवं बसणं बंद केलं, ओट्यावर गॅस आणि शेजारी उंच स्टूल. भारतीय संडासावर ठेवायची प्लास्टिकची खुर्ची आणली. सहा महिन्यांत डायक्लोफेनॅकची गोळी पूर्ण सुटली. हिमोग्लोबिन आता 11.4 आहे, आणि संध्याकाळी पाचचं जवसाचं पाणी ती स्वतःच करते, गरम असताना गाळून.